एकोणिसावा सा

हे ऐकीव नाही, माझ्या शेजारी घडलंय. आम्ही अठरा जण तिथे होतो. त्यातले सतरा आता विषय काढला की पाणी प्यायला उठतात.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. संध्याकाळचे सहा. शाळेचा हॉल.

माझा मामा आमचं समूहगान बसवतो. अविवाहित, सत्तरीचा. विसाव्या वर्षी त्याने एक रचना केली होती, गायकवृंदातल्या एका मुलीसाठी. तिसऱ्या रांगेत, शेवटी उभी राहायची म्हणे. रचनेत शब्द नाहीत, नुसता ‘आ’कार. शब्द सुचले असते तर तिच्याशीच बोलला असता ना!

ती वारल्याचं त्याला गेल्या वर्षी कळलं. मग कागद कपाटातून बाहेर आले.

"मामा, नाव तरी सांग तिचं."

"तू तुझा सूर सांभाळ."

मामा हजेरी डोळे मिटून घेतो. प्रत्येकाने जागेवरून एकदा सा लावायचा. कोण आलंय, कुणाला सर्दी झालीय, सगळं त्याला कळतं.

तिसऱ्या रांगेत शेवटची मी. माझ्या उजवीकडे फक्त भिंत.

मी सा लावला. अठरा झाले.

आणि मग... उजवीकडून आणखी एक सा आला.

कोवळा. जेमतेम ऐकू येईल असा.

मान वळवायची माझी हिंमत झाली नाही.

मामाचे डोळे मिटलेलेच. चेहरा मात्र... विशीतला.

"आलीस?" तो म्हणाला.

बोल ना रे मामा, मी मनात म्हणत होते. आता तरी बोल!

त्याचे ओठ हलले. थांबले. मग घसा खाकरून तो म्हणाला,

"सूर जरा... खाली येतोय."

सा विरून गेला.

नंतर खुर्च्या लावताना मी चिडलेच. "एवढंच सुचलं तुला?"

"इतक्या लोकांसमोर काय बोलणार?"

"अठराच तर होतो."

"एकोणीस," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी माझ्यानंतर तो बराच वेळ थांबला. काहीच आलं नाही. त्याने डोळे उघडले, त्या रचनेचं पान काढलं.

आम्ही गायलो. दुसऱ्या ओळीनंतर सगळे एकदम श्वास घेतात, तिथे...

माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. गायलं मात्र नाही.

दर रविवारी घेतं.

मामाला सांगायचं, असं दर रविवारी ठरवते. तो समोर आला की विचारते, "चहा घेणार का?"