लाल दोऱ्याची पुडी

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एक माणूस पालथा पडलेला दिसला, तेव्हा करुणाच्या मनात आधी आला तो साप. श्रावणातलं गवत गुडघ्याला लागत होतं. ती धावत जवळ गेली, वाकणार तोच तो डोकं न उचलता म्हणाला,

"हलू नका."

ती होती तिथेच उभी राहिली. "साप?"

"अळंबी. तुमच्या टाचेपासून चार बोटांवर. आठ दिवस हिच्या मागे आहे मी."

"आणि मी मेले असते ना घाबरून..."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. कपाळाला चिखल, चष्म्यावर थेंब, आणि हसू असं की जणू चूक तिचीच. करुणाने टाच जागच्या जागी ठेवली आणि सहज बोलून गेली, की ओढू नका, हिचं मूळ खाली वारुळात गेलेलं असतं, बाजूने उकरा.

तो उठून बसला. कोणी शिकवलं म्हणून विचारू लागला. ती 'बाबांनी' म्हणाली आणि पुढचं गिळून टाकलं.

त्याचं नाव प्रवीण. तो पुण्याच्या एका संग्रहालयात काम करायचा. तिथे जुन्या वाळवलेल्या अळंब्या जपून ठेवलेल्या होत्या. रानातून नवा नमुना आणायचा, त्याची जनुकं वाचायची, ती जुन्यांशी ताडून पाहायची, आणि कोण कुणाच्या गोतातलं ते ठरवायचं. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन अळंब्या कधी कधी अगदी परक्या निघतात, हे तो इतक्या कौतुकाने सांगायचा की करुणाला हसू यायचं. ती कर्जतच्या वाचनालयात होती. तो दर शनिवारी तिथे येऊ लागला. एकच पुस्तक तीनदा नेलं, तेव्हा तिने विचारलं, की पाठ करताय का?

"नाही," तो म्हणाला, "परत करायला यायला मिळतं."

त्या दिवशी तिने त्याला बाबांच्या ट्रंकेबद्दल सांगितलं. आणि रात्रभर पस्तावली.

बाबा गावच्या शाळेत गुरुजी होते. सापडेल ती अळंबी वाळवायची, मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुडीत बांधायची, वर क्रमांक आणि तारीख घालायची, असा त्यांचा छंद. गाव अळंबी शिजवण्याआधी टोपली त्यांना दाखवून न्यायचं, आणि त्यातले चार तुकडे ते पुडीसाठी ठेवून घ्यायचे. जागा मात्र कोणी सांगत नसे, आणि कोणी विचारतही नसे. आपली अळंबीची जागा घरच्यांपुरती ठेवायची, ही इथली रीत. चार वर्षांपूर्वी गावातल्याच पारूबाईने टोपली दाखवली, बाबांनी मान डोलावली, आणि संध्याकाळी तिच्या घरची चार माणसं दवाखान्यात गेली. सगळी वाचली. पण पुन्हा टोपली घेऊन कोणी दारात आलं नाही. पारूबाई समोरून आली की वाट बदलायची. बाबा रानात जायचे थांबले, आणि गेल्या माघात गेलेच.

तरी तिने त्याला घरी नेलं. ट्रंक उघडली तेव्हा प्रवीण जमिनीवरच बसला. एकेक पुडी तान्ह्या बाळासारखी उचलत होता. शेवटी म्हणाला, की दोनशे बारा क्रमांकाची पुडी दिसत नाही.

"हरवली असेल," करुणा म्हणाली.

ती तिच्या कपाटात होती, साड्यांखाली. लाल दोरा बांधलेली, वर पारूबाईच्या टोपलीची तारीख. जोवर ती कोणी उघडत नव्हतं, तोवर बाबा चुकले नव्हते.

प्रवीणने तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "सापडली तर द्या. नाही सापडली तरी मी येणार आहेच."

हे ऐकून तिला अधिकच भीती वाटली. उद्या हाच माणूस त्याच्या त्या स्वच्छ, प्रामाणिक आवाजात सांगेल की तुमचे बाबा चुकले. मग त्याच्याकडे बघायचं कसं? आणि न बघता राहायचं तरी कसं?

पुढच्या शनिवारी तिने पुडी त्याच्या हातावर ठेवली. माझ्यासमोर उघडू नका, एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे चार आठवडे तो पुण्यातच तपासणीत अडकला, आणि फोन वाजला की ती आधी नाव बघायची. तो प्रवीणचा असला की घेववत नसे, नसला की आणखी वाईट वाटे.

भाद्रपद सरता सरता तो स्वतःच आला. वाचनालयाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "फोनवर सांगायचं नव्हतं. आत दोन जाती निघाल्या. तीन तुकडे वारुळाच्या अळंबीचे. चौथा विषारी... कुरणात येते ती. टोपलीत मिसळ होती."

"म्हणजे बाबा चुकले."

"हो," तो म्हणाला. त्याने शब्द मऊ केला नाही, पण तिचा हात धरला, आणि पुडीचा कागद पुढे केला. आतल्या बाजूला, कुणा पोराच्या गणिताखाली, बाबांचं अक्षर होतं. *टोपली वरवर पाहिली. मुळं कापलेली होती. विचारायला हवं होतं. पुढे कोणीतरी तपासेल म्हणून ठेवत आहे.*

म्हणजे ज्याची तिला एवढी भीती वाटत होती, ते बाबांनीच लिहून ठेवलं होतं. कुणीतरी उघडावं म्हणून.

त्याच दुपारी ती पारूबाईच्या दारात गेली. प्रवीण अंगणातच थांबला. करुणाने कागद वाचून दाखवला, तसा पारूबाईने पदर तोंडाशी धरला.

"मुळं म्याच कापली गं," ती म्हणाली. "मुळाला वारुळाची लाल माती असती. गुरुजी वळखतील, जागा कळंल, म्हून. वरची थोडी कुरणातली घातली, टोपली भरली पायजे म्हून. त्यांनी इचारलं नाय... आन् मला सांगायचं धाडस झालं नाय. तुज्या त्वांडाकडं बघायची भीती वाटायची."

"मलापण तुमची वाटायची, मावशी," करुणा म्हणाली.

परतताना ती घराकडे वळली नाही. ओढा ओलांडून करवंदीच्या जाळीमागे शिरली. प्रवीण काही न विचारता मागोमाग आला. पुढे एक जुनं वारूळ होतं, आणि त्याच्या अंगावर उशिरा आलेल्या सहा-सात पांढऱ्या अळंब्या.

"बाबांची जागा," ती म्हणाली.

तो जागीच थांबला. "ही तर कुणाला सांगायची नसते ना?"

वाटेवरच्या त्या पहिल्या दिवशी करुणा 'बाबांनी' एवढंच म्हणून थांबली होती. पण या वेळी तिने पुढचं काही गिळलं नाही.

"परक्यांना नाही," ती म्हणाली. "घरच्यांना सांगतात."