ठिणगीच्या कुंडीतलं परकं झाड

"माझं झाड चोरीला गेलंय," घड्याळकाका म्हणाले, "आणि झाड जागेवरच आहे."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. भाऊजींनी मात्र आपला संपवला. कोडं थांबतं, चहा गार होतो, असा त्यांचा अनुभव होता.

वहिनी पूर्वी विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या. ती नोकरी सोडून त्यांनी स्वतःची तपास कचेरी थाटली, तेव्हा त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, टिपणं काढायला सोबत आले. टिपणं ते सुरेख काढत. त्यातून निष्कर्ष मात्र कधी निघत नसे.

समोर बसलेल्या काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. त्यांची पत्नी गॅलरीत मिरच्या लावायची, त्याही साध्यासुध्या नव्हेत. दोन जहाल जातींचा संकर करून, दरवर्षी सगळ्यात तिखट फळाचं बी निवडत, नऊ वर्षांत तिने स्वतःची मिरची तयार केली होती. तिचं नाव ठेवलं ठिणगी. गेल्या वर्षी पत्नी वारली, आणि ठिणगीचं एकच झाड मागे उरलं.

"आज चार वाजता बियाणं जतन करणाऱ्या संस्थेच्या बाई येणार आहेत. झाड बघून, फळ चाखून त्यांनी नोंद केली की तिचं नाव राहील. सकाळी म्हटलं, आपण आधी बघावं. सुईचं टोक मिरचीत खुपसून जिभेला लावलं, ती करायची तसं. काही नाही! मग अख्खी मिरची खाल्ली. गोड!" काकांचा आवाज चिरकला. "तिची नऊ वर्षं होती हो त्या झाडात."

"मधे तुम्ही घरी नव्हतात का?"

"दीड महिना नव्हतो. हृदयाचं ऑपरेशन झालं, मग लेकीकडे विश्रांती. परवा परतलो. जाताना सूनबाईला चेष्टेत म्हणालोही होतो, हे झाड गेलं तर मला घरी आणू नका. आता मुलगा म्हणतो, औषधांनी तुमच्या तोंडाची चव गेलीय."

"ते आधी बघू," वहिनी उठल्या. "भाऊजी, तुमच्या तोंडाची चव शाबूत आहे ना?"

"ती कधी गेलीय?" भाऊजी अभिमानाने म्हणाले.

काकांच्या गॅलरीत पोचल्यावर त्यांना हा अभिमान जरा महागात पडेलसं वाटलं. मिरची लाल, सुरकुतलेली, दिसायला भलतीच रागीट होती. त्यांनी डोळे मिटून घास घेतला, चावला, आणि एक डोळा उघडला.

"काकडीची चुलतबहीण," ते म्हणाले.

म्हणजे काकांची जीभ ठीक होती. वहिनींनी काकांचं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून झाड न्याहाळलं. प्रत्येक पेऱ्यावर एकेकच मिरची लटकत होती. कुंडीखालच्या ताटलीत हिरवं शेवाळ साचलं होतं. मग त्यांनी काकूंची मिरच्यांची नोंदवही काकांकडून मागून घेतली आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"'ठिणगी: एका पेऱ्याला दोन-तीन फुलं. देठाच्या टोपीखाली आवळल्यासारखं वळं. माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. शेजारच्या झाडाचा पराग लागला तरी यंदाचं फळ बदलत नाही, फरक पडतो तो त्याच्या बियांतून उगवणाऱ्या झाडात.' लिहून घेतलंत, भाऊजी?"

"शेवाळासकट."

आधी मुलगा भेटला. त्याने काही लपवलं नाही.

"मला गॅलरीत सायकल ठेवायची होती, हे खरं आहे. पण मग मी कुंडीच हलवली असती ना? झाड बदलून माझी सायकल कुठे मावणार?"

सूनबाई स्वयंपाकघरात होती. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि उजवा डोळा लाल.

"रोज चष्माच लावतेस का गं?" वहिनींनी विचारलं.

"नाही, लेन्स घालते. कालपासून डोळे इतके चुरचुरतायत की घालवत नाहीत. कॉम्प्युटरमुळे असेल."

"झाडाची काळजी कोण घ्यायचं?"

"मीच. म्हणजे पाणी घालायचे, सकाळ-संध्याकाळ, एक दिवस चुकवलं नाही. मिरच्यांना मात्र कधी हात लावला नाही. भीती वाटते मला त्यांची." एवढं बोलून तिने विनाकारण धुतलेला कप पुन्हा धुतला.

शेजारच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर राहत. त्यांच्या गॅलरीत बावीस कुंड्या रांगेत उभ्या होत्या, त्यातल्या अर्ध्याअधिक ढोबळ्या मिरचीच्या. वहिनींनी प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी गुन्हा कबूल केला.

"चूक माझी आहे. माझ्या ढोबळीचा पराग मधमाश्यांनी तिकडे नेला, म्हणून त्यांची फळं गोड झाली. काकांना सांगा, मी माफी मागतो."

"मिरच्यांचं तुम्ही कुठे शिकलात?"

"काकूंकडेच! बारा वर्षं. बियाणं निवडण्यापासून सगळं त्यांनी शिकवलं."

भाऊजी कोपऱ्याकडे बघत होते. तिथे गोणपाटाच्या सावलीत, वाळू मिसळलेल्या मातीच्या पिशवीत, वीतभर उंचीची एक बोडकी दिसणारी काठी खोचलेली होती.

"ही कशाला?"

"वेल चढवायला," कॅशियर घाईघाईने म्हणाले.

जिन्यात भाऊजींनी वही मिटली. "सुटलं! मधमाश्यांना काही पकडता यायचं नाही."

"भाऊजी, मघाशी काय लिहून घेतलंत ते घरी जाऊन वाचा," वहिनी म्हणाल्या.

पावणेचारला वहिनींनी सगळ्यांना काकांच्या बैठकीत बसवलं. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. सारखी नजर घड्याळाकडे जात होती.

"कुंडीतलं झाड ठिणगी नाही. ठिणगीला एका पेऱ्यावर दोन-तीन फळं लागतात. इथे एकेकच आहे, आणि देठाखाली वळंही नाही. कुंडी तीच, झाड दुसरं. आता कॅशियरसाहेब, पराग लागला म्हणून यंदाचं फळ बदलत नाही. हे काकूंच्या वहीत आहे. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला ते माहीत नसेल?"

कॅशियर शर्टाची बाही सारखी करू लागले.

"म्हणजे तुम्ही जाणूनबुजून खोटी चूक पदरात घेतलीत. माणूस असं दुसऱ्या कुणासाठी तरी करतो." वहिनी सूनबाईकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "तू कधी मिरचीला हात लावला नाहीस म्हणालीस. पण त्या तिखटाचं तेल साबणानेही लवकर सुटत नाही. तुझे डोळे कालपासून चुरचुरतायत, आणि कुंडीतली मिरची तर गोड आहे. म्हणजे संस्थेच्या बाई येणार म्हणून काल तू ठिणगीच्या राखून ठेवलेल्या वाळक्या मिरच्या फोडून बिया काढल्यास, आणि त्याच बोटांनी लेन्स काढल्यास. खरं ना?"

सूनबाईचे दोन्ही डोळे भरून आले, आणि या वेळी त्यात मिरचीचा काही संबंध नव्हता.

"झाड मी मारलं, बाबा," ती म्हणाली. "रोज दोनदा पाणी घातलं. जितकं जास्त, तितकं चांगलं वाटलं मला. तिसऱ्या आठवड्यात पानं गळायला लागली. मी आणखी पाणी घातलं. मग शेजारच्या या काकांना बोलावलं. त्यांनी मुळं बघितली, सडली होती. मी पिकलेल्या मिरच्या तोडून ठेवल्या, आणि रोपवाटिकेतून त्यातल्या त्यात सारखं दिसणारं झाड आणून लावलं. बियांची पुडी आज त्या बाईंच्या हातात गुपचूप द्यायची होती."

"अगं, पण मला सांगायचंस!"

"कसं सांगणार? डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये. आणि तुम्हीच म्हणाला होतात, झाड गेलं तर मला घरी आणू नका. आईंचं झाड मी घालवलंच होतं. त्यापायी तुम्हालाही घालवू?"

आपण हसत बोललेलं वाक्य ही पोर दीड महिना उराशी घेऊन फिरत होती, याची काकांना मनापासून लाज वाटली.

"झाड गेलं असं कोण म्हणालं?" वहिनी म्हणाल्या. "वीतभर काठीवर कुणी वेल चढवत नाही, आणि निर्जीव काठीला कुणी सावलीही करत नाही."

कॅशियरांनी पिशवी आणली. "सडलेली मुळं कापली, शेंडा छाटला, कोरड्या मातीत लावलं. जगेल याची खात्री नव्हती, म्हणून हिलाही खोटी आशा दाखवली नाही. परवाच फुटलंय." काठीच्या खोबणीत नखाएवढी दोन हिरवी पानं होती.

संस्थेच्या बाई ठरल्या वेळी आल्या. त्यांनी तो फुटवा पाहिला, पुडीतल्या बिया मोजल्या, आणि वाळक्या सालीचा तांदळाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. त्यानंतर काही मिनिटं त्यांच्याकडून फक्त हातवारे मिळाले. भाऊजी धावत जाऊन दूध घेऊन आले.

"नोंद होईल," अखेर त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज काढला. "वाण तयार करणारी?"

काकांनी पत्नीचं नाव सांगितलं.

"आणि सांभाळ करणारी व्यक्ती?"

काकांनी सूनबाईकडे बोट दाखवलं.

"बाबा, नको," ती दचकून म्हणाली. "मी ते मारत होते."

"तुझ्या सासूने पहिल्या दोन वर्षांत अकरा झाडं मारली होती," काका म्हणाले. "तू एकच, आणि तेही जगलंय. नाव नीट सांग त्यांना."