बॉनेटवरची दुसरी थाप

ही घटना खरी आहे.

"माझा भुताखेतांवर विश्वास नाही" अशी सुरुवात करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. माझा आहे बाबा. लहानपणापासून आहे. मी चांगलाच घाबरट माणूस आहे, हेही आधीच कबूल करून टाकतो. पण जे सांगतोय ते माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय, आणि तेव्हा मी मागच्या सीटवर बसलो होतो.

८ ऑगस्ट २०२४. गुरुवार. नागपंचमीचा आदला दिवस.

रात्र नव्हती. भर दुपार होती, बारा वाजून गेले होते.

हरसूलच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून दोन-एक किलोमीटर आत गेलं की एक नाला लागतो. नेमकी जागा सांगणार नाही. तुम्ही लगेच रील काढायला पोचाल.

माझा मोठा भाऊ संतोष. सातपूरला कंपनीत कामाला, आणि जीपचा वेडा. साधासुधा नाही, पार वेडा. त्याच्याकडे जुनी एमएम ५४० होती. पाहुणा घरी आला की चहाच्या आधी जीपचा इतिहास यायचा. महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने ती कशी दामटली, मग महिंद्राने विलीज कंपनीचे भाग मागवून मुंबईत ती कशी जोडली, मग ती जंगल खात्यात गेली, पोलिसांत गेली, प्रचाराला आणि वरातीला गेली. "पेठ-सुरगाण्याला रस्ता नंतर गेला, जीप आधी गेली," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाहुणा बिचारा मान डोलवत बसायचा.

"अरे दादा, एसी नाही, काच धड बंद होत नाही, पाठीचा पार भुगा होतो. काय आहे काय हिच्यात?" असं मी एकदा विचारलं.

"हिच्यात बिघडायला आहेच काय?" दादा म्हणाला. "चिखल, दगड, पाणी, हिला काही फरक पडत नाही. तू आपली ॲक्टिव्हा चालव."

मी आजही ॲक्टिव्हाच चालवतो. घरात जीप दोघांनाच यायची. दादाला आणि उज्वला वहिनीला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

या जुन्या जीपला चारही चाकांची ताकद हवी असेल तर नुसता दांडा ओढून भागत नाही. आधी खाली उतरायचं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते, तिला हब म्हणतात. तो हाताने फिरवून लॉक करायचा. आधी एका चाकाचा, मग बॉनेटसमोरून पलीकडे जाऊन दुसऱ्या चाकाचा.

दादा-वहिनीची पद्धत ठरलेली होती. उतरलेल्या माणसाने एक हब लॉक झाला की बॉनेटवर एक थाप मारायची. दुसरा झाला की दुसरी.

दोन थापा पडल्या की चालवणाऱ्याने क्लच सोडायचा. त्याआधी नाही.

ही सवय घरातही आली होती. वहिनी दादाचा डबा भरून झाला की ओट्यावर दोन थापा मारायची. झालं, निघ. आमची आई, कुसाबाई, चिडायची. "तोंड नाय का तुमाला? भिताडं बडवीत फिरता!"

दादा गेला तो २०२३ सालचा २० ऑगस्ट. नागपंचमीचा आदला दिवस, रविवार. त्याच्या जीपवाल्या ग्रुपच्या गाड्या पुढे गेल्या होत्या. नाल्याच्या उतारावर ही दोघंच मागे राहिली. दादा हब लॉक करायला उतरला, गाडी सरकली आणि तो तिच्याखाली आला.

सरकली. सगळ्यांनी हाच शब्द वापरला. वहिनीनेही.

त्यानंतर वहिनी रडली नाही. एकदासुद्धा नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. स्वयंपाक करायची, आईच्या पायाला तेल लावायची, कोणी बोललं तर उत्तर द्यायची. बायका म्हणायच्या, उज्वला दगड झाली. मला नंतर ती म्हणाली, "दुखतच नव्हतं हो भाऊजी. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसं सगळं अंग होतं."

जीप वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं आईने डोक्यात घेतलं. जिथे जीव गेला तिथे पान ठेवायचं. आणि जीपनेच जायचं.

"आई, रिक्षा करू की," मी म्हणालो.

"त्याचा जीव व्हता त्या गाडीत. तिच्यातूनच निवद जाईल. उज्वला, चालवशील ना?"

वहिनी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चालवते."

निघायच्या आदल्या दिवशी सातपूरच्या रावजी मेकॅनिकने गाडी चालू करून दिली. माझ्यादेखत दोन्ही हब फिरवून मोकळे केले. "ग्रीस भरलंय वहिनी. हब फ्री ठेवलेत. लागलं तरच लॉक करा," असं त्याने दोनदा सांगितलं. हे लक्षात ठेवा.

आम्ही निघालो. वहिनी स्टिअरिंगवर, शेजारी आई, मागे मी. आईच्या मांडीवर नैवेद्याचा डबा आणि नारळ. त्र्यंबक मागे पडलं.

नाल्याच्या उतारावर वहिनीने गाडी थांबवली. पान पलीकडच्या सपाट जागेवर मांडायचं म्हणजे नाला ओलांडणं भाग होतं, आणि खाली नुसती चिखलाची राड झाली होती. पाणी गुडघाभर.

"चारही चाकं लागतील," ती म्हणाली.

मी उतरायला लागलो. घाबरलो होतो, पण उतरत होतो.

"तुम्हाला जमायचं नाही भाऊजी. बसा."

ती उतरली. डाव्या चाकाशी वाकली, मग उजव्या चाकाशी गेली. परत येऊन सीटवर बसली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"लॉक आहेत."

"कोण?"

"हब. दोन्ही... लॉकच आहेत."

मी म्हटलं, हलून फिरले असतील. ते असे हलून फिरत नाहीत, हे मला रावजीने नंतर सांगितलं.

तिने दांडा ओढला. क्लच दाबून पहिला गिअर टाकला. उजवा पाय ब्रेकवर. आणि ती थांबली. सवयच ती. समोर कोणी नव्हतं, तरी थांबली.

आणि मग...

नाल्याचा आवाज बंद झाला.

पाणी वाहताना दिसत होतं. आवाज नव्हता.

बेडूक गप्प. झाडं गप्प. इंजिन चालू होतं, सीट माझ्याखाली थरथरत होती, पण इंजिनाचाही आवाज नव्हता. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं.

त्या शांततेत...

थाप.

बॉनेटवर. डाव्या बाजूला. उघड्या पंजाची, भरदार.

बॉनेटजवळ कोणीच नव्हतं. पानसुद्धा पडलं नव्हतं.

"संत्या?" आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दादा कामावरून आल्यासारखी.

आम्ही दुसरीची वाट बघत होतो. तिघंही. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं की थापा दोन असतात.

दुसरी आली नाही.

"एकच?" आई म्हणाली. "अन् दुसरी?"

वहिनी समोर बघत होती. हात स्टिअरिंगवर.

"त्या दिवशीही एकच होती, आई."

मला आधी कळलंच नाही.

"ते म्हणाले, आज तू चालव. मी इथेच बसले होते. त्यांनी डावा हब लावला. थाप मारली. पाऊस होता, बॉनेटवर थेंब वाजत होते... मला दुसरी ऐकू आली असं वाटलं. मी मोजली दोन. मी क्लच सोडला." ती एका सुरात बोलत होती, बसथांब्यांची नावं सांगावीत तसं. "ते समोरून पलीकडे चालले होते. गाडी सरकली नाही, आई. मी सोडली."



मग आईने दार ढकललं. डबा घेतला, नारळ घेतला आणि उतरली. म्हातारी राडीत पाय रोवत पुढे गेली आणि बॉनेटच्या बरोब्बर समोर उभी राहिली. काचेतून तिने वहिनीकडे बघितलं.

"हितंच?"

आवाज आला नाही. ओठांवरून कळलं.

वहिनीने मान हलवली. हो.

आई हलली नाही. तिथेच उभी. गाडीचं तोंड उताराला, गिअर पडलेला, वहिनीचा डावा पाय क्लचवर. "आई, बाजूला हो!" असं मी ओरडलो. आतापर्यंत गाडीतलं बोलणं तरी ऐकू येत होतं, आता माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

आणि...

दुसरी थाप पडली.

उजव्या बाजूला.

वहिनी म्हणते, पाय तिने उचलला नाही. पाय उचलला गेला. दहा-बारा वर्षांची सवय. दोन थापा, की क्लच सोडायचा. डोकं मध्ये येतच नाही.

जीपने पुढे हिसका घेतला. वीतभर. बंपर आईच्या लुगड्याला लागलेला मी डोळ्यांनी बघितला.

वीतभरच.

वहिनीने दोन्ही पाय दाबले होते. सगळा जीव घालून दाबले होते. मग इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मुठीत धरली. त्या क्षणी नाल्याचा आवाज परत आला. एकदम. मला तो सहन होईना.

आई जागची हलली नव्हती.

तिने तिथेच डबा उघडला, पान मांडलं, नारळ दगडावर फोडला. कावळ्याची वाट कोणी बघितली नाही. वहिनीने रिव्हर्समध्येच गाडी वर काढली. पलीकडे आम्ही गेलोच नाही.

घरी आल्यावर आईने आम्हा दोघांना समोर बसवलं. वहिनीच्या पायाला चिखल तसाच होता. मला वाटलं, आता आई बोलणार. शिव्या देणार, नाहीतर छाती बडवून घेणार. पोटचा पोरगा गेला होता तिचा.

"पहिली थाप कोणाची, मला ठाव नाय," आई म्हणाली. "दुसरी मी मारली."

वहिनीने मान वर केली.

"मला बघायचं व्हतं, तुझा पाय थांबतो का नाय. थांबला. झालं तर मग. लय घोकू नको आता." मग माझ्याकडे वळली. "माझा संत्या असं कोणाला करायला लावणार नाय. समजलं? दुसरी मी मारली. ह्याच्यावर घरात बोलणं नाय."

वहिनीने हात पुढे करून आईचे पाय धरले. रडली नाही. धरून बसली. बऱ्याच वेळाने आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, चला, कुठेतरी सुटली बिचारी.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. जीप विकलेली नाही. वहिनी दुपारी बाराच्या सुमाराला कधीकधी तिच्यात जाऊन बसते. किल्ली न लावता. मी एकदा विचारलं, वहिनी, कोणाची वाट बघता का? म्हणाली, "नाही हो. आईंनी सोडवलंय मला. नुसती बसते."

रावजी महिन्यातून एकदा येतो. दर वेळी हब मोकळे करून जातो. दर वेळी पुढच्या महिन्यात ते लॉक सापडतात. उभ्या गाडीचे. रावजीने आता विचारायचं सोडून दिलंय.

वहिनीला आईचं बोलणं पटलंय. त्यावर ती जगतेय. तिला वाटतं, थाप आईची होती, परीक्षा होती आणि ती पास झाली. मग ती थाप नेमकी कोणाची, आणि आई समोर उभी असताना, गाडी उताराला असताना ती का मारली, हा प्रश्न तिला पडतच नाही. मला पडतो. दादाने तिला 'झालं, निघ' म्हटलं, की दुसरंच काही करायला लावलं? माझा भाऊ तसा नव्हता. मी स्वतःला रोज सांगतो, तो तसा नव्हता.

मी घरात अजून काही बोललेलो नाही. बोलणारही नाही.

पण मी मागच्या सीटवरून सरळ समोर बघत होतो. काच स्वच्छ होती. ऊन होतं.

आईच्या एका हातात डबा होता, आणि दुसऱ्या हातात नारळ.