तिसऱ्या घराचं दार

लाईट काय आता अकराच्या आत येत न्हाय. सार्थक, ते दार लोट, वारा येतोय. सांगतो. पर ही ऐकीव गोष्ट न्हाय हां. आकाराम माझ्या शेजारचा माणूस, आणि सकाळी काय दिसलं ते मी ह्याच डोळ्यांनी बघितलंय.

आमची घागरवाडी तुम्ही पोरांनी बघितली न्हाय. कशी बघणार, धरणात गेली. तिन्ही अंगांनी डोंगर, मधनं ओढा, ओढ्याच्या काठानं एकच आळी, सत्तावीस उंबरे. सरकारनं आम्हाला उचललं आणि इकडं कुरुंदवाडजवळच्या माळावर आणून टाकलं. प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिले. डोंगरातली माणसं आम्ही, ह्या उसाच्या सपाटीत पूर्व-पश्चिमसुद्धा कळंना.

येताना सगळं आणलं. कौलं, दारं, जाती, देव. आकारामची अनुजा तेवढी तिकडं राहिली. नऊ महिन्यांची, तापानं गेलेली. एवढ्या लेकराला जाळत न्हाईत, ओढ्याकाठी पुरलेली. आणि त्या पावसाळ्यात धरणात पहिल्यांदा पाणी अडवणार होते. त्याच्या बायकोनं, शालननं, जेवण सोडलं. म्हणाली, "माझी पोरगी पाण्याखाली ठिवू नगा. तिची मूठभर माती तरी आणा."

तानाबाई म्हातारीनं रीत सांगितली. माती उचलायची, नावानं हाक मारायची, आणि नव्या घराच्या उंबऱ्यापातूर हाक मारतच आणायचं. मधी गप बसायचं न्हाय.

११ जून १९९७, बुधवार. अमावस्या-बिमावस्या काय नव्हती. आकाराम दिवस मावळता आपला टेम्पो घेऊन निघाला. पोचला तवा रात्रीचे साडेदहा.

गाव कुठाय? घरं उकललेली, झाडं तोडलेली. चिंच न्हाय, चावडी न्हाय. जिथं जन्म काढला तिथं बापाला पोरीची जागा घावंना. बॅटरी घेऊन दोन तास ओढ्याकाठी फिरला. शेवटी जिथं रडत बसला तिथलीच माती टॉवेलात बांधली.

"अनुजा, चल बाळ. घरला चल."

घाट उतरला. हाका मारत होता. मग मागनं आवाज आला. मोकळ्या हौद्यातनं.

टप... टप... टप...

पत्र्यावर तळहात टेकल्यासारखा. मरायच्या आधी नुकती रांगाय लागलेली की ती...

आवाज पुढं सरकला. पार त्याच्या पाठीमागं आला. थांबला.

आकारामनं टेम्पो दामटला. हाक निघंना.

पहाटेचे चार. वसाहतीच्या तोंडाला टेम्पो बंद पडला. सगळं गप. आणि हौद्यातनं काय तरी... हळूच... खाली उतरलं.

आकाराम पळाला. मातीचा टॉवेल टेम्पोतच टाकून, हाक न मारता पळाला. घरात शिरला, कडी घातली.

"आणली का?" शालननं विचारलं.

तो दाराला पाठ लावून खाली बसला.

"आवं, आणली का न्हाय?"

...

मला त्याचा राग येत न्हाय. कोण थांबलं असतं? मी तर न्हाय.

फटफटीत उजाडल्यावर शालननं मला उठवलं. रातच्या भुरभुरीनं रस्ता चिखलाचा झालता. टेम्पोपासनं खुणा निघालेल्या. रुपयाएवढे पंजे, मागं गुडघे घासलेले. आकारामचं घर चिठ्ठीत निघालेलं, पार मागच्या आळीत. खुणा तिकडं गेल्याच नव्हत्या. डाव्या हाताच्या तिसऱ्या घराकडं गेलत्या. घागरवाडीत आकारामचं घर डाव्या हाताचं तिसरंच होतं. लेकराला काय ठावं, चिठ्ठ्या टाकल्यात म्हणून?

ते घर गुंडूचं. गुंडू इचलकरंजीला मागावर कामाला, चार महिने कुलूप. खुणा उंबऱ्यापातूर. माघारी एक न्हाय.

शालन ते दार बडवत होती. "अनु, मी हितं हाय गं! हिकडं ये!" आकाराम मागं उभा. हात जोडलेले. कुणाला जोडलेले, त्यालाच ठावं.

मी कुलूप तोडलं. आत रिकामं. जमिनीवर चार महिन्यांची धूळ, तिच्यावर एक रेघ न्हाय.

माघारी वळलो.

दाराच्या आतल्या अंगाला, माझ्या गुडघ्याच्याबी खाली, ओल्या चिखलाचे दोन पंजे होते.