वाचलात तर कळवा

मी लिहिलेली जादूगार राणीची कादंबरी मीच इंटरनेटवर टाकली, त्याला आठवडा झाला होता. दिसेल त्याला "वाचलं का?" विचारत सुटले होते. दूधवाला हल्ली पिशवी दारात ठेवून पळतो. त्या शुक्रवारी रात्री मामाकडे जेवायला गेले, जेवणं झाली आणि वीज गेली. मामाची दोन नातवंडं आणि मी गॅलरीत चटईवर बसलो. माझं वय चव्वेचाळीस, पण मामाच्या हिशोबात मी अजून पोरांमध्येच. मी अंधारातही त्या दोघांना विचारलंच. तेव्हा मामा म्हणाला, "तो शब्द जरा जपून वापर."

पुढचं मामाच्या तोंडून.

छापखान्यात मी बाइंडर होतो आणि माझा एक दोस्त मुद्रितशोधक. म्हणजे छापायच्या आधी चुका शोधणारा. आम्ही त्याला वेलांटी म्हणायचो. त्याच्या मेहुण्याने लग्नाची पत्रिका दिली तर यानं दुरुस्त करून परत पाठवली. मेहुणा वर्षभर बोलत नव्हता.

छापखाना बंद पडला आणि त्याच सुमारास वहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, नजर गेली. साखरेमुळे. हृदयही दमलेलं. पलंगावरून उठणं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषधं चालूच आहेत, पण त्यांना जगावंसं वाटलं पाहिजे. आता वहिनींना काय हवं असायचं, तर राक्षस, शापित महाल, बोलणारे घोडे. उद्या काय होईल ही उत्सुकता लागली की बाई उद्यापर्यंत टिकायच्या. म्हणून वेलांटी रोज वाचून दाखवायचा. वहिनी डोळे मिटून "हं... हं..." करायच्या.

एकदा तो पुस्तकं बदलायला वाचनालयात गेला. तिथल्या बाई म्हणाल्या, असली सगळी पुस्तकं तुम्ही दोनदा नेलीत, आता इंटरनेटवर शोधा. तिथे लोक आपलं आपण लिहितात आणि आपलं आपणच छापतात, प्रकाशक नाही, संपादक नाही, मुद्रितशोधक तर नाहीच. हे ऐकून वेलांटीला खुर्ची लागली.

पण शोधलं त्यानं. आणि घबाड मिळालं. दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणारी एक मुलगी, लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ, असे कोण कोण. दिवसा नोकरी करायची आणि रात्री राज्यं उभी करायची. मुखपृष्ठावरचा ड्रॅगन पालीसारखा दिसायचा, पण आत जीव ओतलेला. वहिनींच्या गालावर रंग आला. वेलांटी सकाळी उठून त्या लेखकांना चुका कळवायचा. तिघांनी त्याला ब्लॉक केलं.

मग ती एक कादंबरी सापडली. लेखकाचं नाव नव्हतं. नदीकाठचं एक शहर. शहराच्या मधोमध मोठा जिना. रोज रात्री नदी एक पायरी चढते आणि माणसं एक पायरी वर सरकतात. बस्स, एवढंच. पण वहिनींना दुसरं काही नको झालं.

वेलांटी मला चहाच्या टपरीवर म्हणाला, अरे, त्यात एकही चूक नाही. कानामात्रा जागच्या जागी. उभ्या जन्मात मी असला मजकूर पाहिला नाही. फक्त एक चूक आहे, आणि तीसुद्धा प्रत्येक भागाच्या शेवटी तीच. 'वाचलात तर कळवा.' तिथं 'वाचलंत' पाहिजे ना? अनुस्वार राहिलाय.

त्यानं तसं लेखकाला लिहिलं. लगेच उत्तर आलं. 'चूक नाही.'

वेलांटी चिडला. वर म्हणाला, वाचकही तसलेच. पहिल्या भागाखाली कितीतरी जणांनी लिहिलंय, 'वाचलो.' अरे, 'वाचलं' म्हणा. बायकाही लिहितायत, 'मी वाचले.' पुढच्या भागाखाली असं लिहिणारे कमी होते. त्याच्या पुढच्याखाली आणखी कमी. त्याला वाटलं, लोक कंटाळतात, बिचारा लेखक. मीही हसलो रे. दोघं हसलो आम्ही.

नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. वेलांटी शेवटचा भाग घेऊन बसला. त्याच्या खाली कोणाचंच काही नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, पाय गार पडलेत. त्यानं दुसरी गोधडी घातली. वाचायला लागला.

शहर बुडालेलं. शेवटच्या पायरीवर एक बाई. तिला दिसत नाही. ती विचारते, पाणी कुठवर आलं?

वेलांटी थांबला. खोलीत कसला तरी ओला वास येत होता. नळ बंद होता. खिडकी बंद होती.

"राहू दे का आज?" त्यानं विचारलं.

वहिनींनी त्याचा हात शोधला. त्यांचा तळवा ओला होता.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "अहो... तुम्ही वाचा."

त्यानं वाचलं.

हं...

पाणी घोट्याला.

हं...

पाणी छातीला.

...

त्याला वाटलं, झोप लागली. बरं झालं. आवाज बारीक करून तो वाचत राहिला. संपेपर्यंत. मग ती ओळ आली. वाचलात तर कळवा. आणि पहिल्यांदाच... त्यानं ती जशी होती तशी वाचली. अनुस्वार न घालता.

'वाचलो.' 'मी वाचले.' ती माणसं पुस्तकाबद्दल बोलतच नव्हती.

त्यानं वहिनींकडे पाहिलं नाही. हिंमत झाली नाही. आधी लिहिलं, 'आम्ही दोघे वाचलो.' पाठवलं.

उत्तर आलं.

'“दोघे” खोडा.'

मामानं गोष्ट तिथंच संपवली. खाली रस्त्यावर एक सायकल गेली. थोरल्या नातवानं हळूच विचारलं, ते आजोबा आता काय करतात. मामा म्हणाला, काही नाही. बसची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारतो. अक्षर दिसलं की मान फिरवतो. मी जातो कधीमधी. आम्ही नुसते बसतो.

मला काहीतरी विनोद करायचा होता. माझी सवयच आहे ती. सुचला नाही. शेवटी म्हटलं, मामा, हृदयच दमलेलं होतं म्हणालास ना. त्या रात्री नाही तर पुढच्या महिन्यात...

मामानं मान हलवली. "मीही तसंच धरून चाललो होतो."

मामी दारात उभी होती. कधी आली ते कळलं नाही. भुताच्या गोष्टी सुरू झाल्या की मामाला ती ओरडते. आज ओरडली नाही.

"वहिनींना शेवटची आंघोळ मी घातली," ती म्हणाली. "तीन महिने जमिनीला पाय लागला नव्हता त्यांचा."

तिनं पदराला हात पुसले.

"पायांच्या तळव्यांना शेवाळ होतं... हिरवं. ताजं."