आरती न घेतलेला हात

कीर्तनात बसून मी खोटं बोलत नाही. इथंही बोलणार नाही.

हे घडलं तेव्हा मी स्वतः तिथं होते.

माझे मालक हरिबा. वडूजच्या आसपास कीर्तन करतात. लेक पल्लवी माल्टा देशात नर्स आहे. समुद्रातलं बेट, देश एवढासाच. पण जुनी देवळं जिवापाड जपतात. गेल्या कार्तिकात तिनं आम्हाला नेलं, आणि एका दुपारी ते देऊळ दाखवलं.

देऊळ कसलं... जमिनीखाली कोरलेला खडक. हजारो वर्षांपूर्वीचा. मेलेली माणसंही तिथंच ठेवायचे.

मोबाइल वरच ठेवून घेतले.

"आबा, भिंतीला हात लावायचा न्हाई. आपल्या श्वासानंबी दगड खराब हुतो, म्हणून थोडीच माणसं सोडत्यात," पल्लवी म्हणाली.

"मग श्वास घरी ठिवून यायचा व्हय गं?" हे म्हणाले.

खाली थंडगार. माणसं पुढं गेली की मागचा दिवा आपोआप विझायचा. जुन्या रंगाला उजेड सोसत नाही म्हणून.

एका दालनात भिंतीला कोनाडा होता. त्यात बोललं की आवाज सगळीकडं घुमतो, असं दाखवणारी बाई म्हणाली. पल्लवी आणि बाकीची माणसं पुढच्या दालनात गेली. हे मात्र रेंगाळले.

"एकदाच नाव घेतो गं. असली जागा पुन्यांदा न्हाई."

मलाही मोह झाला. मी नको म्हणाले नाही.

"रामकृष्ण हरी..."

काय सांगू! सगळा खडक गायला लागला. माझे डोळे भरून आले.

आणि दिवा गेला.

मिट्ट काळोख...

"आवं, चला."

भिंत चाचपत मी दारापर्यंत आले.

दार नव्हतं.

सगळीकडून फिरले. हाताला नुसता गार दगड. पल्लवीला हाक मारली. घुमून माझीच हाक परत आली.

तेवढ्यात यांच्या पाठीमागून...

टाळ वाजला.

कीर्तनकाराच्या मागं टाळकरी उभे राहतात ना, अगदी तिथून. एक. मग दुसरा. मग पुष्कळ.

हे गप्प झाले. टाळ थांबले नाहीत. उलट जवळ आले. माझ्या मानेला गार वारा लागला.

"रामकृष्ण हरी," हे घाबरून म्हणाले. टाळ मागं सरले.

थांबले, की पुन्हा जवळ.

"गं, हे मला थांबू देत न्हाईत."

हे गात राहिले. किती वेळ, देव जाणे. आवाज फाटला. तोंडाला फेस आला, शब्द तुटक यायला लागले. आता आवाज बसला की संपलं, हे दोघांनाही कळत होतं.

मग माझ्या ध्यानात आलं.

कीर्तन मांडलं, तर आरतीशिवाय मोडत नाही. आणि आरती होईस्तोवर बैठकीतून कुणी उठत नाही.

कुणीच उठत नाही...

"आवं, आरती म्हणा!"

"दिवा कुठाय?"

"म्हणा तुमी!"

मी दोन्ही तळवे एकत्र धरले, ताट धरतात तसे. आत निरांजन आहे असं मनात धरलं आणि ओवाळलं. यांनी फाटक्या गळ्यानं आरती संपवली.

शांत झालं.

मग माझ्या तळव्यांवर कुणीतरी हात फिरवला.

हळूच. आरती घेतात तसा.

गार होता.

दुसरा आला. तिसरा. म्हाताऱ्यांचे खरखरीत. बायांचे. एक तर पाळण्यातल्या लेकराएवढा... कुणीतरी धरून आणला असावा. मी रडत होते, पण तळवे हलवले नाहीत.

शेवटचा एक हात पुढं आला. बोटं टेकणार...

दिवा लागला.

दालन रिकामं. दार होतं तिथंच.

"आई, काय करताय? मिनिटभरापूर्वी तर माझ्या मागंच हुता तुमी," पल्लवी म्हणाली.

यांचा घसा पार बसला होता.

आता घसा बरा आहे. वडूजला परत कीर्तनं होतात. आरती होते, ताट सगळ्यांपुढून फिरतं. टाळकरी टाळ खाली ठेवतात.

तरी यांच्या मागं एक टाळ वाजत राहतो.

आम्हा दोघांनाच ऐकू येतो. लोक उठून जातात, सतरंज्या गुंडाळतात. हे मात्र तिथंच उभे. बसता येत नाही, निघता येत नाही.

मी रिकाम्या देवळात ताट धरून यांच्या मागं जाते. "घ्या बाबा," म्हणते, "तुमची राहिलीय."

ज्योत वाकते...

हात येत नाही.