खिळ्यावरचा नान

सकाळी तंदूर पेटवताना सर्बीनाझला एकच काळजी होती. दुपारी पाहुणे माशाचं कालवण खातील आणि मासा कुठला म्हणून विचारतील. मुयनाक गावात येणाऱ्याला वाटतं, इथे मासा मिळणारच. त्याने जुन्या फोटोत बंदर पाहिलेलं असतं. समुद्र गाव सोडून गेला त्याला आता जन्म लोटला, आणि मासा येतो तो बर्फात घालून, ट्रकमधून. पण जेवायला बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? विचारलंच तर ती हसायची आणि म्हणायची, "इथलाच."

हे हसू तिने पाठ केलं होतं. पाहुण्यांना गाव दाखवायचं, जेवू घालायचं, तशी तिची सगळी कामंच पाठ होती. उजव्या हाताला दीपगृह, डाव्या हाताला मासे डबाबंद करायचा कारखाना, समोर खाली वाळूत उभी ती जहाजं. इथे पाणी होतं, इथे मुलं पोहायची, आता फोटो काढा. इतकी वर्षं तेच बोलून तिच्या आत काही हलायचं बंद झालं होतं. वारा सुटला की मिठाची धूळ उडते, ओठांवर बसते. तीसुद्धा तिला आता लागत नसे.

नान तंदुरातून निघाले तसा आतल्या खोलीतून आवाज आला, "सर्बी, एक बाजूला ठेव गं. गरमच ठेव."

"ठेवते, आई."

म्हातारी ऊलबोसिन रोज हे सांगायची. पाय गेले होते, दात गेले होते, डोळ्यांवर मोतीबिंदू पिकून दुधासारखा झाला होता. ती गादीवर भिंतीला टेकून बसायची, आणि तिच्या डोक्याच्या वर, खिळ्याला, एक नान टांगलेला असायचा.

तिकडची रीतच आहे. घरातलं माणूस लांब निघालं की दारात त्याच्या हातात ताजा नान द्यायचा. त्याने एक घास चावायचा. उरलेला खिळ्याला टांगायचा, आणि माणूस परत आलं की त्यानेच तो संपवायचा. तोवर त्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, आणि तो भिंतीवर सोडून घराला कुलूपही लावायचं नाही.

हा नान गेंजेमुरातचा होता, सर्बीनाझच्या थोरल्या भावाचा. समुद्र मागे सरत चालला तेव्हा कोळ्यांनी वाळूत कालवे खणले आणि होड्या त्याच्या मागे नेल्या. गेंजेमुरात तशाच एका होडीवर गेला. मिसरूड फुटलेला पोरगा, समोरच्या दोन दातांत एवढी मोठी फट, की आई म्हणायची, यातून मासा निसटेल. तीच फट नानच्या घासात उमटली होती. सर्बीनाझ तेव्हा एवढीशी होती. आपल्यालाही चावायचं म्हणून तिने भोकाड पसरलं, आणि आईने तिच्या हातावर चापट मारली. "राहणाऱ्याने चावायचं नसतं!" होडी पुढे चिखलात रुतलेली सापडली. तिच्यात कुणी नव्हतं.

नान वाळून दगड झाला, काळा पडला. पण म्हातारी त्याच्याखालून हलली नाही.

सर्बीनाझची लेक आयमेरेके अक्ताऊला नांदत होती. तिथे खरा समुद्र आहे, पाण्याचा. ती दर आठवड्याला फोन करायची. "आई, आजीला घेऊन ये. इथे दवाखाना आहे, ऊन पाणी आहे नळाला. तिथे काय ठेवलंय तुझं?" सर्बीनाझ फोन आईच्या कानाला लावायची आणि म्हातारी दरवेळी एकच बोलायची, "कशी येऊ? नान टांगलाय. तो आला तर त्याला कोण देणार?"

म्हणजे सर्बीनाझचं आयुष्यही त्याच खिळ्याला टांगलेलं होतं. तो नान एखाद्या रात्री उंदरांनीच नेला तर बरं, असं तिच्या मनात कितीदा आलं. उंदीर मात्र त्याच्या वाटेला जात नसत.

त्या दिवशीच्या पाहुण्यांत कझानचा एक तातार गृहस्थ होता, इल्दार नावाचा. साठीचा, शाळेतून निवृत्त झालेला. बाकीचे कालवणाचे फोटो काढत होते, तेव्हा हा हात धुवायला आत गेला आणि नानसमोर उभा राहिला. बाहेर आला तो टोपी हातात घेऊन.

"कुणाचा?" त्याने हळूच विचारलं.

"भावाचा."

"आमच्याकडेही असा असायचा. आजोबांचा. लढाईवर जाताना चावलेला." त्याने मान हलवली. "ते काही आले नाहीत."

सर्बीनाझने त्याच्याकडे नीट पाहिलं. भाऊ असता तर एवढ्याच वयाचा. भाषा आपल्या भाषेच्या जवळची. आणि आईला दिसतं कुठे? ती त्याला अंगणात तंदुराआड घेऊन गेली.

"इल्दार आगा, एक काम कराल माझं? आत्ता म्युझियममध्ये गेलो की तुम्ही मागल्या मागे घरी या. आत जाऊन फक्त 'आई' म्हणा. ती नान देईल. एक तुकडा तोंडात टाका, आणि या परत."

"तिला फसवायचं?"

"तिला सोडवायचं. मलाही."

"तुम्ही नसणार तिथे?"

"माझ्याकडे एवढी माणसं आहेत सांभाळायला." ती म्हणाली. "आणि मला ते बघायचं नाही."

इल्दारने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "बरं," तो म्हणाला.

म्युझियममध्ये तिने माशांचे डबे दाखवले, बंदराची चित्रं दाखवली. समुद्राचा जुना चित्रपट लावला तेव्हा दारापाशी इल्दार दिसला नाही. गेला वाटतं. तिला हायसंही वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पडद्यावर लाटा येत होत्या, जात होत्या.

तिथून सगळे जहाजांकडे निघाले. उतारावरून पोरंटोरं धावत सुटावीत तशी मोठी माणसं खाली पळाली आणि गंजक्या नाळेवर चढून हात पसरून उभी राहिली. मावळतीचा फोटो घेतल्याशिवाय ती काही निघणार नव्हती. सर्बीनाझने ड्रायव्हर पोलातला हाक मारली. "जरा लक्ष ठेव रे यांच्यावर. कुणी पडलं तर मला ओरडतील."

"जा की, आपा. पडून पडून वाळूतच पडतील."

घर पलीकडच्या गल्लीतच होतं. दार उघडं होतं. उंबऱ्यावरच तिला वास आला. ओल्या दोरखंडाचा, शेवाळाचा, नुकत्या धरलेल्या माशाचा. दुपारचं कालवण, ती मनाशी म्हणाली. पण तो वास गार होता.

खिळा रिकामा होता.

म्हातारी गादीवर ताठ बसली होती. तिने नवा रुमाल बांधला होता, आणि तिच्या गालांवर रंग चढला होता.

"आला होता गं," ती म्हणाली. "दादा आला होता तुझा."

सर्बीनाझ दाराला धरून उभी राहिली. "मग? काय म्हणाला?"

"काही बोलतो का तो! पहिल्यापासून घुम्या. बसला इथे. नान दिला तर प्याल्यात बुडवून बुडवून खाल्ला बिचाऱ्याने. सगळा. एक कण ठेवला नाही." म्हातारी हसली. "हात किती गार पडलेत त्याचे. म्हटलं, अरे, कपडे तरी बदल, निथळतोयस."

प्याला चटईवर होता. तळाशी पांढरा थर धरला होता. सर्बीनाझने तो बोटाने पुसला. आपल्या नळाचं पाणीच खारट, दुसरं काय. चटई ओली होती. आईने प्याला लवंडला असेल. बिचारे इल्दार आगा. एक तुकडा सांगितला होता, त्यांनी तो दगड अख्खा संपवला.

आणि तेव्हा इतक्या वर्षांनी तिला रडू आलं. मोठं नाही, डोळ्यांतून नुसतं पाणी वाहिलं. सुटलो, तिला वाटलं. सुटलो बाई एकदाचे.

"आई, मग आता जायचं ना? अक्ताऊला?"

"जायचंच आहे," म्हातारी म्हणाली. "तोच नेणार आहे. संध्याकाळी येतो, एवढंच काय ते बोलला. तू सकाळचा नान दे इकडे, बाजूला ठेवलेला."

म्हाताऱ्या माणसाशी वाद काय घालायचा! सर्बीनाझने तंदुराजवळचा नान आणून तिच्या मांडीवर ठेवला, तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि ती परत निघाली.

जहाजांपाशी ऊन तांबडं झालं होतं. पाहुणे खाली एका बाजूला गोळा झाले होते. इल्दार मात्र वरच्या बाकावर एकटाच बसला होता. सर्बीनाझ त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तुमचे उपकार झाले," ती म्हणाली. "अख्खा खाल्लात..."

इल्दारने मान वर केली नाही. "मला माफ करा."

"कशाबद्दल?"

"मी गेलो नाही. तुमच्या अंगणापर्यंत गेलो, पण दार उघडायला हात होईना. भाकरीवरून आईला फसवायचं... आमच्याकडेही ते फार मोठं पाप मानतात. मी तिथूनच मागे फिरलो. तेव्हापासून इथेच बसलोय."

"इथेच?"

"ड्रायव्हरला विचारा."

तिने पोलातकडे पाहिलं. तो गाडीची काच पुसत होता. "हो की, आपा. मीच चहा दिला त्यांना. का? काय झालं?"

सर्बीनाझ धावली. इतकी वर्षं ती धावली नव्हती. छातीत काहीतरी ठोकायला लागलं तेव्हा तिला कळलं, की ही भीती आहे.

दार उघडंच होतं. आत तिन्हीसांजेचा अंधार होता, आणि तो वास आता एवढा दाट होता, की श्वास घेताना जिभेला मीठ लागलं.

"आई..."

गादी रिकामी होती. नवा रुमाल नव्हता. उशाची शाल नव्हती. चटईपासून उंबऱ्यापर्यंत ओल पसरली होती आणि बाहेर वाळूवर फक्त वारा होता. ज्या बाईला चार वर्षांत कुणी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, ती घरात कुठेच नव्हती.

दिवा लावल्यावर तिला खिळा दिसला. त्याला सकाळचा नान टांगलेला होता.

नानला घास घेतलेला होता. एका घासात समोरच्या दोन दातांमधली फट उमटली होती. आणि त्याच्या शेजारी एक वेडावाकडा, चेपलेला. दात नसलेल्या हिरड्यांनी ओढून तोडलेला.

गावाने शोधायचं ते शोधलं. पोलात कोरड्या समुद्रात गाडी घालून लांबवर जाऊन आला. इल्दार दोन दिवस मागे राहिला, विहिरी बघत हिंडला. मग म्हातारी मंडळी सर्बीनाझला म्हणाली, आता तिच्या नावाने जेवण घाल. सर्बीनाझने मान हलवली. खिळ्याला नान असताना जेवण कसलं घालायचं?

आयमेरेके फोनवर रडली. "आई, आता तरी ये गं. आता कुणासाठी राहतेस?"

"कशी येऊ?" सर्बीनाझ म्हणाली. "नान टांगलाय. ती आली तर तिला कोण देणार?"

हे आपण बोललो, की आईच बोलली, ते तिला क्षणभर कळलं नाही. मग तेही वाटेनासं झालं. हिवाळा गेला. ती आता आतल्या खोलीत, खिळ्याखालच्या गादीवर निजायची. सकाळी उठली की तोंड खारट असायचं, आणि तहान लागलेली असायची. वाऱ्याचं मीठ, ती म्हणायची, आणि चूळ भरायची. समोरचा एक दात, ती लहानपणी पडली तेव्हा तुटलेला, त्याच्या कोपऱ्यात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. जीभ तिथे जात राहायची.

नानकडे ती पाहत नसे. फक्त कधी अंगठ्याने दाबून बघायची. तो वाळत नव्हता. आजच काढल्यासारखा मऊ होता.

वसंतात पुन्हा पाहुणे आले. जेवण झाल्यावर एक बाई कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत शिरली. सर्बीनाझ दारात उभी राहून ठरल्या आवाजात सांगू लागली, की लांब जाणारं माणूस एक घास चावतं, आणि परत आलं की...

"किती जण गेले तुमच्याकडचे?" बाईने विचारलं.

"दोघं. भाऊ आणि आई."

बाईने कॅमेरा डोळ्यांवरून काढला. नानजवळ जाऊन नीट वाकून पाहिलं.

"मग हा तिसरा कुणाचा? हा बघा ना, ताजा दिसतोय. मधला दात तुटका आहे बहुतेक..."

सर्बीनाझची जीभ तुटक्या दाताशी गेली. तिथे मऊ काहीतरी होतं, मिठाचं. तिने ते गिळलं.

"चला," ती म्हणाली, "उजेड आहे तोवर जहाजं बघून घेऊ. उजव्या हाताला दीपगृह. समोर खाली समुद्र."